गणपतीची वर्गणी आणि चौथ्या मजल्यावरची मैत्रीण

प्रश्न, थोडक्यात : पिंपरी-चिंचवडमधल्या ७२ फ्लॅटच्या एका सोसायटीत आमच्या वाचक भगिनी सांस्कृतिक समितीचं काम पाहतात. यंदा समितीने सणांची वर्गणी म्हणून दीड हजार रुपये थेट मेंटेनन्सच्या बिलात जोडले. चौथ्या मजल्यावरच्या बौद्ध कुटुंबाने ते भरायला नकार दिला. मुलांच्या खेळांसाठी, साफसफाईसाठी देऊ, गणपतीच्या नावाने देणार नाही, असं त्यांनी लेखी कळवलं. ग्रुपवर बोलाचाली झाली. लिफ्टशेजारी लावलेल्या चित्रकला स्पर्धेच्या यादीतून त्यांच्या आठवीतल्या मुलीचं नाव कुणीतरी पेनाने खोडलं. याच कुटुंबाने एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीसाठी हॉल मागितला होता, तो ‘राजकीय कार्यक्रमाला हॉल मिळत नाही’ म्हणून नाकारला गेला. एका मुस्लिम कुटुंबाने इफ्तारसाठी केलेला अर्जही तसाच पडून राहिला. आता वार्षिक सभेत ‘सोसायटीत कुठलाच धार्मिक सण नको’ असा ठराव येतो आहे. भगिनी विचारतात, ‘गणपती सगळ्यांचा आहे हे मैत्रिणीला कसं पटवू? की ठरावाच्या बाजूने मत देऊन मोकळी होऊ? मी वीस वर्षं संकष्टी करते. माझ्या देवाला कुणी नाही म्हटलं की मला लागतं. आणि ती आता माझ्याकडे चहालाही येत नाही.’

ताई,

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी पहिल्यांदा घेते. मैत्रीण चहाला येत नाही. वर्गणी, हॉल, ठराव हे सगळं सभेत निस्तरता येईल. ही एक गोष्ट मात्र सभेच्या हातात नाही, तुमच्या हातात आहे, आणि तिच्यासाठी सभेपर्यंत थांबायचंही कारण नाही.

पण तिच्या दाराची बेल वाजवण्याआधी मनाशी एक गोष्ट पक्की करून जा. गणपती सगळ्यांचा आहे हे तिला पटवायला जाऊ नका. तुम्ही हे प्रेमानेच म्हणता, याबद्दल मला जराही शंका नाही. आपल्यापैकी कित्येक जण आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर चढले ते गणपतीच्या मांडवात. पाठ केलेलं भाषण तिथेच विसरलो, वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस तिथेच मिळालं. लोकमान्यांनी घरातला गणपती चौकात आणला त्याला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, आणि २०२५ मध्ये सरकारने त्याला राज्य महोत्सव म्हणूनही जाहीर केलं. तेव्हा तुम्हाला हा सण धर्माच्याही पलीकडचा, अख्ख्या वस्तीचा वाटतो, यात काही वावगं नाही. वाटणं तुमचं आहे आणि खरं आहे. तिलाही तसंच वाटायला हवं, ही अपेक्षा मात्र थोडी तपासून पाहा.

कारण तिच्या घरातली आठवण वेगळी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि समोर जमलेल्या लाखो लोकांना दीक्षा देताना २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यातली तिसरी प्रतिज्ञा गौरी-गणपती आणि इतर देवदेवतांना न मानण्याची, त्यांची उपासना न करण्याची आहे. गौरी-गणपतीचं त्यात थेट नाव आहे. म्हणजे तुमच्या मैत्रिणीचा नकार हा तुमच्या देवाचा अपमान नाही, समितीवरचा रुसवा नाही, पैसे वाचवणं तर नाहीच. पैसे द्यायला ती तयार होती, कशासाठी देणार हेही तिने लिहून दिलं होतं. घरच्या मोठ्यांनी दिलेला आणि तिने स्वतःचा मानलेला एक शब्द ती पाळते आहे.

हा शब्द कसा पाळायचा हे मात्र घरागणिक वेगळं असतं. एखाद्या बौद्ध घरातला मुलगा मित्रांबरोबर ढोलपथकात असतो, एखाद्या घरात शेजारधर्म म्हणून प्रसाद घेतात, एखाद्या घरात घेत नाहीत. म्हणून ‘आमच्या ऑफिसातले अमुक तर आरतीलाही उभे राहतात’ हे उदाहरण तिच्यापुढे चुकूनही ठेवू नका. ते त्यांचं त्यांनी ठरवलं, हिने हिचं ठरवलं.

तुम्ही वीस वर्षं संकष्टी करता. समजा, तिच्या मुलीचा वाढदिवस नेमका संकष्टीला आला. तुम्ही चंद्रोदयाआधी केक खाल का? नाही खाणार. तुम्ही जाल, मुलीला जवळ घ्याल, भेट द्याल आणि केकचा तुकडा डब्यात घालून घरी आणाल. त्यावर ‘आमच्या केकला नाही म्हणाली’ असं तिने मनाला लावून घेतलं असतं, तर तुम्हाला नवल वाटलं असतं. तुमच्या उपासाला ती जो मान देते, तोच तिच्या प्रतिज्ञेला द्यायचा आहे. श्रद्धावान माणसाला दुसऱ्याचं व्रत कळणं खरं तर सोपं जायला हवं. म्हणूनच हे काम सोसायटीत तुम्हीच सगळ्यात चांगलं करू शकाल असं मला वाटतं.

आता त्या यादीबद्दल. तुमचं चार पानी पत्र वाचताना मी सगळ्यात जास्त वेळ तिथे थांबले. तेरा-चौदा वर्षांची मुलगी शाळेतून येते, लिफ्टसाठी उभी राहते, समोर कागद असतो आणि त्यात आपल्या नावावर रेघ. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच लिफ्ट, तोच कागद. तुम्ही लिहिता, ‘कुणी खोडलं माहीत नाही.’ ते शोधत बसू नका, त्यातून नवं भांडण उभं राहील. पण तो कागद समितीचा होता आणि खोडाखोड झाल्यावरही तो तिथेच राहिला, ही जबाबदारी समितीची आहे. मुलांच्या स्पर्धेत भाग घ्यायला आईवडिलांची पावती लागत नाही, एवढं साधं वाक्य त्या वेळी कुणीतरी म्हणायला हवं होतं. अजूनही म्हणता येईल.

तेव्हा तिच्याकडे जाल ते या एका गोष्टीसाठी जा. सोबत शिष्टमंडळ नको, आणि कृपा करून प्रसादाचा डबाही नको, एकट्या जा. असं काही म्हणता येईल : ‘अगं, त्या यादीचं जे झालं ते फार वाईट झालं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं, बोलले नाही. लेकीची माफी मागायला आले आहे.’ बस, एवढंच. पुढे ‘पण तुम्हीही जरा…’ असं काही जोडू नका. ती बोलली तर ऐका. एप्रिलमधल्या हॉलचा विषय निघेल, निघू द्या. समितीची बाजू मांडायची ही वेळ नव्हे. ती त्या दिवशी काहीच बोलली नाही तरी हरकत नाही, चहा पुढच्या आठवड्यात होईल. मुलगी घरात असेल तर तिच्याशी थेट बोला, आईमार्फत निरोप नको.

ठरावाकडे वळते. ‘सगळेच सण बंद’ हे ऐकायला फार न्याय्य वाटतं. कुणालाच नाही, म्हणजे कुणावर अन्यायही नाही. पण तो कुठल्या क्रमाने येतो आहे ते बघा. आजवर गणपती धूमधडाक्यात झाला, त्याबद्दल कुणी ठराव आणला नाही. जयंतीसाठी आणि इफ्तारसाठी हॉल मागितला गेला, एका घराने वर्गणीला नकार दिला, आणि मग एकाएकी सण नकोसे झाले. ठराव मंजूर झाला की पुढच्या भाद्रपदात रिकाम्या पार्किंगकडे बघून लोक काय म्हणतील? ‘त्या दोन घरांमुळे गणपती बंद झाला.’ ज्यांनी फक्त हॉल मागितला, त्यांच्या माथी कायमचा ठपका बसेल. दर वर्षी त्याला उजाळा मिळेल. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : या ठरावाच्या विरोधात मत द्या, आणि विरोधात का देता हेही उभं राहून सांगा.

कुणीतरी मधला मार्ग म्हणून ‘सर्वधर्म दिन’ सुचवेल, हे मी आत्ताच सांगून ठेवते. एक संध्याकाळ, चार मुलांना चार वेश, एकाच्या डोक्यावर जाळीची टोपी, एकाच्या गळ्यात क्रॉस, आणि शेवटी सगळ्यांचं मिळून एक गाणं. हेतू चांगला असतो, पण मला तो कार्यक्रम कधीच भावला नाही. प्रत्येक धर्म तिथे कपड्यापुरता उरतो, आणि ज्या घरात तो सण खरोखर होतो त्या घराला कुणी काही विचारत नाही. त्यापेक्षा इफ्तार इफ्तारसारखी होऊ दे, जयंती जयंतीसारखी, नाताळ नाताळसारखा. ज्यांचा सण त्यांनी यजमान व्हावं, बाकीच्यांनी पाहुणं व्हावं. आपण बहुसंख्य असलो की यजमानपणाची इतकी सवय होते की पाहुणं कसं व्हायचं हेच विसरायला होतं. यजमान म्हणेल तिथे बसायचं, वाढेल ते आनंदाने खायचं, चालत नसेल तर प्रेमाने नको म्हणायचं, आणि कार्यक्रम कसा करावा याच्या सूचना द्यायच्या नाहीत.

सभेत तुम्हाला कुणीतरी सांगलीच्या गोटखिंडीचं उदाहरण देईल. वाळवा तालुक्यातल्या या गावात चार दशकांहून जास्त काळ गणपती मशिदीत बसतो. बकरी ईद आणि गणपती एकत्र आले तेव्हा तिथल्या मुस्लिमांनी त्या दिवसांत कुर्बानी टाळली आणि फक्त नमाज अदा केली, याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. वाचून मन भरून येतं. पण ही उदाहरणं काठीसारखी वापरली जातात, ते मला टोचतं : ‘बघा, ते मशिदीत गणपती बसवतात आणि यांना वर्गणी जड होते.’ गोटखिंडीत जे झालं ते गावाने आपसात बोलून, आपल्या मनाने केलं. दुसऱ्याच्या औदार्याचा दाखला देऊन तिसऱ्याकडून काही मागता येत नाही.

धडा घ्यायचाच असेल तर मुंबईच्या उदाहरणातून घ्या. २८ सप्टेंबर २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली होती. मुंबईतल्या मुस्लिम समाजाच्या प्रतिनिधींनी बैठक घेऊन ईदचा जुलूस, म्हणजे मिरवणूक, दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं आणि सरकारने २९ तारखेला सुट्टी जाहीर केली. पुढच्या वर्षी ईद १६ सप्टेंबरला आणि विसर्जन १७ ला होतं, तेव्हाही मुंबईतला जुलूस १८ तारखेला निघाला. दोन्ही वेळा तारीख कुणी हलवली ते लक्षात घ्या. मग आपल्या बाजूने आपण काय हलवतो, हा प्रश्न तुमच्या समितीने स्वतःला विचारायला हरकत नाही. फार मोठं काही लागत नाही. रमजान महिन्यात हॉलमध्ये हळदीकुंकू असेल तर ते सूर्यास्ताच्या तासभर आधी आटोपता येतं. १४ एप्रिलच्या आसपास सोसायटीची सहल ठेवायची नाही, एवढंही पुरतं.

‘राजकीय कार्यक्रम’ म्हणून जयंतीला हॉल नाकारला, तो निर्णय तर सभेत मागेच घ्यायला हवा. तुमच्या सोसायटीत शिवजयंतीला गेटवर फोटो लागतो का, हार घातला जातो का? लागत असेल, आणि लागायलाच हवा, तर १४ एप्रिलला वेगळा न्याय का, याचं उत्तर समितीला द्यावं लागेल. बौद्ध घरांना तर तीनच-चार तारखा फार जवळच्या असतात : १४ एप्रिलची जयंती, वैशाखातली बुद्ध पौर्णिमा, दसऱ्याला येणारा धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबरचा महापरिनिर्वाण दिन. यातला शेवटचा अभिवादनाचा दिवस आहे, त्या दिवशी शुभेच्छा देत नाहीत. आणि तुमच्या दांडियाच्या नऊ रात्री संपून दसरा उजाडतो, तेव्हा हे कुटुंब कदाचित नागपूरला दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या गाडीत असेल. ‘दसऱ्याला सोनं द्यायलाही आले नाहीत’ असं त्यावर कुणी म्हणू नये, म्हणून हे लिहिते.

पैशाचं गणित सरळ आहे. सणाची वर्गणी मेंटेनन्सच्या बिलातून काढा, आजच. बिल थकलं की माणूस थकबाकीदार होतो, व्याज लागतं, नोटीस येते. श्रद्धेची थकबाकी कुणाच्या नावावर चढवायची? गणपतीची वर्गणी पूर्वीसारखी पावतीपुस्तक घेऊन, दारोदारी, ज्याची त्याची खुशी. कमी जमली तर मांडव लहान होईल, बाप्पाला त्याने फरक पडत नाही. मुलांच्या स्पर्धा, बक्षिसं, खुर्च्या, साफसफाई यांचा खर्च वेगळा काढा, तो सगळ्यांचा, आणि त्यात ते कुटुंब आनंदाने पैसे घालेल. तिने लेखी दिलंच आहे. स्पर्धाही शक्य तर मांडवातून हॉलमध्ये न्या, म्हणजे आत यायला कुणाला अवघडल्यासारखं होणार नाही.

हॉलचे नियम सगळ्यांना एकच करा : भाडं तेच, अनामत तीच, रात्री दहाला आवाज बंद, दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल झाडून परत. सत्यनारायण असो की इफ्तार, अर्जावर तारखेपलीकडे काही विचारायचं नाही. एक बारकावा लक्षात असू द्या. ईद चंद्रदर्शनावर ठरते, त्यामुळे तारीख एका दिवसाने मागेपुढे होते. त्या बुकिंगला लागून दोन दिवस धरून ठेवावे लागतात, भाडं एकाच दिवसाचं घ्यावं. इफ्तारला बोलावणं आलं तर सूर्यास्ताच्या आधी पोचा, उशिरा नको. रोजा खजूर-पाण्याने ठरल्या मिनिटाला सुटतो, लगेच मगरिबची, म्हणजे सूर्यास्तानंतरची नमाज असते, गप्पा आणि जेवण त्यानंतर. वजूसाठी, म्हणजे नमाजेआधी हात-पाय-तोंड धुण्यासाठी नळाची सोय आणि नमाजेला एक स्वच्छ, मोकळा कोपरा एवढं हॉलमध्ये असलं की पुरे.

ग्रुपवरच्या शुभेच्छांचाही हल्ली फार घोटाळा होतो, तुमच्यासारख्या बऱ्याच समित्यांच्या कामी येईल म्हणून चार ओळी. मोहरमच्या दहाव्या दिवशी, आशुऱ्याला, करबलात शहीद झालेल्या इमाम हुसेन यांचा शोक असतो, तेव्हा ‘हॅपी मोहरम’ पाठवू नये. गुड फ्रायडे येशूच्या मरणाचा दिवस आहे, ‘हॅपी’ म्हणायचं ते रविवारी, ईस्टरला. पारशी शेजाऱ्याला पतेतीला हमखास शुभेच्छा जातात. पतेती हा झालेल्या चुकांची क्षमा मागायचा दिवस, नवं वर्ष दुसऱ्या दिवशी, नवरोजला. जैनांचं पर्युषण बहुधा गणपतीच्या आसपासच येतं. कांदा-लसूण-बटाटा नसलेला महाप्रसाद केला तरी तो रात्री नऊला वाढला तर सूर्यास्तानंतर न जेवणारं जैन कुटुंब उपाशीच परत जातं. आणि यातलं काहीही नक्की ठाऊक नसेल तर शेजाऱ्याला विचारावं. ‘तुमच्याकडे या दिवशी काय असतं?’ असं विचारल्याचा राग आलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

हे वाचणाऱ्यांत चौथ्या मजल्यावरची घरंही असतील. त्यांना एवढंच सांगते : तुम्हाला ‘नाही’ म्हणायचा पूर्ण हक्क आहे आणि त्याचा खुलासा देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. तरीही जमलं तर ते पावतीपुस्तक दारात येण्याआधी, आणि ग्रुपवर न लिहिता समोरासमोर सांगा. दहा जण वाचत असले की ऐकणाराही ताठर होतो. ‘आरतीला येणार नाही, पण विसर्जनाच्या दिवशी मुलांना पाणी वाटायला उभे राहू’ असं काही मनापासून करावंसं वाटत असेल तर तेही सांगा. वाटत नसेल तर नका सांगू. शेजारी म्हणून तुमची जागा कुठल्या सेवेच्या बदल्यात मिळालेली नाही.

ताई, तुम्हाला लागतं असं तुम्ही लिहिलंत, ते मी विसरलेले नाही. देवावर माया असली की लागतंच. पण तिचं न मानणं तुमच्या मानण्यातून काही कमी करत नाही. उद्या चतुर्थीला तुम्ही चंद्राची वाट बघत गच्चीत उभ्या असाल, तो उपास तितकाच तुमचा राहील.

आता सभेचं काम. वार्षिक सभेची नोटीस चौदा दिवस आधी निघते, त्यापूर्वी तुमचा पर्यायी ठराव सेक्रेटरींकडे लेखी गेला पाहिजे. त्यात तीनच गोष्टी असू द्या : वर्गणी ऐच्छिक आणि बिलाबाहेर, हॉलचे नियम सगळ्यांना एक, मुलांच्या कुठल्याही उपक्रमाचा वर्गणीशी संबंध नाही. ठरावाला अनुमोदन लागेल. ते मैत्रिणीकडे मागू नका. तिने या वर्षी पुरेसं सोसलं आहे, आणि तिची सही दिसली की चर्चा पुन्हा तिच्यावरच येईल. इफ्तारचा अर्ज देणाऱ्यांकडेही नको. दर वर्षी मिरवणुकीत सगळ्यात पुढे असणारे, आरतीचं ताट ज्यांच्या हातात असतं असे कुणी ज्येष्ठ तुमच्याकडे असतीलच. त्यांच्याकडे जा, यादीचा प्रकार त्यांना सांगा आणि अनुमोदनाची सही त्यांची घ्या.